आज भाजणी नाही

माझ्या मोठ्या जाऊबाई गेली बावीस वर्षं डोंबिवलीत भाजणी विकतात. थालीपिठाची बारा महिने, चकलीची दसरा ते दिवाळी, आणि मधल्या काळात मेतकूट, कुळथाचं पीठ, डिंकाचे लाडू असा किरकोळ माल. या बावीस वर्षांत जाहिरातीवर त्यांचा एकूण खर्च झाला १४० रुपये. त्यात एक रबरी शिक्का आणि शाईची डबी आली. शिक्क्यावर ‘घरगुती’चं ‘घरगती’ झालं होतं. बदलून आणायला रिक्षाचे साठ रुपये पडले असते, म्हणून तो तसाच वापरला. आमच्या भागातल्या काही बायका अजूनही ‘ती घरगतीची द्या’ असंच म्हणतात.

जाहिरातीची गरज कधी पडलीच नाही. जाऊबाईंनी कढईत धने टाकले की वास जिन्यातून उतरत तळमजल्यापर्यंत जायचा, तिथल्या आजोबांना खोकला यायचा आणि खोकता खोकताच ते सुनेला सांगायचे, “वर भाजणी सुरू झाली वाटतं. अर्धा किलो सांगून ठेव.” पुढचं काम गिरणीवाला करायचा. “गव्हावर दळू नको, डाळीवर दळ,” एवढं वाक्य कानावर पडलं की रांगेतल्या सात-आठ बायकांना कळायचं, हे साधं दळण नव्हे. कोणाचं आहे, कुठे राहतात, किलोला काय घेतात, ही सगळी माहिती गिरणीवाला पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उचलून फुकट पुरवायचा. तो इन्फ्लुएन्सर होता हे आता कळतं. बिचारा आयुष्यभर दळत राहिला.

मग माझी मुलगी शिकली.

तिने मास मीडियाची पदवी घेतली, वर सहा महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला, आणि आता ती दुसऱ्यांच्या दुकानांच्या नावाने इन्स्टाग्रामवर गोड गोड लिहिते. स्वतःच्या आईला ‘जेवलीस का’ असा मेसेज करायला तिला वेळ नसतो. पण एका गादीच्या कंपनीच्या वतीने ती रोज सकाळी हजारो लोकांना ‘झोप झाली का?’ असं विचारते. एका रविवारी ती ट्रायपॉड आणि रिंगलाइट घेऊन जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात उभी राहिली. तो गोल दिवा बघून जाऊबाई म्हणाल्या, “डोळे तपासायचेत का माझे?”

“काकू, मला आधी सांग, तुझा ब्रँड काय आहे?”

“शिक्का ड्रॉवरमध्ये आहे.”

“शिक्का म्हणजे लोगो गं. ब्रँड म्हणजे, तुझं नाव घेतल्यावर लोकांच्या मनात जे येतं ते.”

“उधारी किती राहिलीय, ते येत असेल.”

मुलगी चिकाटीची. “बरं, समजा तुझा ब्रँड हा एक माणूस आहे. तो कसा असेल?” जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. “ही सकाळी काही खाऊन निघालीय ना?” मग टार्गेट ऑडियन्सचा प्रश्न आला. त्याला मात्र त्यांनी नीट विचार करून उत्तर दिलं. “ज्यांच्या घरी थालीपीठ थापता येणारं निदान एक माणूस आहे ते. बाकीच्यांना देऊन काय उपयोग? ते मुटके करतील आणि नाव माझं जाईल.” मला वाटतं, एखाद्या मोठ्या कंपनीच्या बैठकीत हे उत्तर पडद्यावर दाखवलं असतं तर लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या असत्या. मुलीने वहीत लिहिलं, ‘थोडं काम करावं लागेल.’

ब्रँड हा शब्द मुळात जाळण्याच्या नात्यातला. गुरं दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर ओळखू यावीत म्हणून तापलेल्या लोखंडाने त्यांच्या पुठ्ठ्यावर खूण उमटवायचे, ती ब्रँड. आपण त्याला सरळ डाग देणं म्हणतो. मी सव्वीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे कोणी विचारलेलं नसताना सांगते, की मराठीतला डाग या इंग्रजी शब्दापेक्षा कितीतरी ऐसपैस आहे. अडीनडीला मोडायला काढतात तो सोन्याचा डाग. साडीवर आमरस सांडतो तोही डाग. आणि एसटीत चढताना नवरे ‘किती डाग आहेत?’ म्हणून मोजतात ती बोचकीही डागच. मुलीचं म्हणणं, आजच्या काळात प्रत्येक माणसाने स्वतःचा ब्रँड बाळगला पाहिजे. यातला कुठला डाग, ते तिने सांगितलं नाही. पुढच्या वर्षभरात आम्हाला तिन्ही मिळाले.

ब्रँडला एक गोष्ट लागते म्हणे. स्टोरी. मुलीने नमुन्यादाखल आम्हाला पंधरा-वीस पानं दाखवली. त्यावरून माझ्या लक्षात आलं, की इन्स्टाग्रामवर मसाले, लोणची, तेल, साबण असं काहीही विकणाऱ्या प्रत्येकाला एक आजी असते. ती बहुधा कोकणात असते, तिचे हात सुरकुतलेले असतात, आणि जाताना ती नातवाच्या कानात गोड्या मसाल्याचं प्रमाण सांगून जाते. नातू तेव्हा बंगळुरात नोकरीला असतो, त्यामुळे दहा वर्षं त्याला ते आठवत नाही. लॉकडाऊनमध्ये अचानक आठवतं.

“काकू, तुझी आजी?”

“अकोल्याची. तिला स्वयंपाकाचा मनस्वी कंटाळा. दुपारभर रमी खेळायची, आणि हरली की आजोबांना पोहे करायला लावायची.”

“मग भाजणी कोणी शिकवली?”

जाऊबाईंनी फळीवरून पुस्तक काढलं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’. हे पुस्तक १९७० साली निघालं आणि तेव्हापासून मराठी मुलींच्या रुखवतात भांड्यांच्या शेजारी बसत आलं. शेर-पावशेराच्या भानगडीत न पडता वाटी-चमच्यांनी प्रमाणं दिल्यामुळे परक्या गावात एकट्याने संसार मांडणाऱ्या मुलींची ते सासू झालं, तेही न बोलणारी. जाऊबाईंच्या प्रतीत भाजणीचं पान तेलाने इतकं पारदर्शक झालंय, की त्यातून मागच्या पानावरचा पदार्थही वाचता येतो. त्यात शेजारच्या कानडी बाईंनी ‘उडीद थोडे वाढवा’ म्हणून सुचवलं, पहिल्या दोन वर्षांत तीन घाण करपले, आणि त्यातून आजची भाजणी झाली.

“पुस्तकात वाचून केली, ही स्टोरी होत नाही काकू.”

“पण खरं तेच आहे.”

“खरं आहे गं. पण ऑथेंटिक वाटत नाही.”

अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने २०२३ सालचा शब्द म्हणून ‘ऑथेंटिक’ निवडला होता, कारण त्या वर्षी लोकांनी त्याचा अर्थ भरमसाट शोधला. अस्सल म्हणजे काय हे कोशात बघायची वेळ सगळ्या जगावर आली होती. आमच्या घरी ती रविवारी साडेअकरा वाजता आली.

शूटिंग सुरू झालं. मराठी स्वयंपाकघराचा खरा पोशाख म्हणजे गाऊन. बेल वाजली तर खांद्यावर ओढायला दारामागच्या खुंटीवर एक ओढणी, जिचा त्या गाऊनशीच काय, जगातल्या कुठल्याच कपड्याशी रंगाने संबंध नसतो. गेली बावीस वर्षं भाजणी या वेशात भाजली गेली आहे. मुलीला नऊवारी हवी होती, आणि नथ. “गाऊनमध्ये खरं वाटत नाही,” ती म्हणाली. “अगं, गाऊनच खरा आहे,” जाऊबाई म्हणाल्या, “नऊवारी मी लग्नात नेसले, तीसुद्धा शिवलेली.” शेवटी मी मध्ये पडले. “वहिनी, पोरीचं मन मोडू नका. एकदाच.” त्या नऊवारी नेसून आल्या तेव्हा माझ्या दिरांनी पेपरातून डोकं काढून कोणाचं लग्न आहे ते विचारलं, आणि आहेर काय द्यायचा तेही.

“काकू, कॅमेरा आहे हे विसरून जा.”

“विसरले.”

“अगं मग इकडे बघ ना!”

नंतर जातं आलं. तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या गॅलरीत एक जातं आहे, त्यावर मनीप्लांटची कुंडी असते. कुंडी उतरवून ते दोघांनी खाली आणलं. गिरणीतून आणलेली भाजणी त्याच्या भोवती कलात्मकपणे पसरली आणि जाऊबाईंनी खुंटा धरून एक वेढा दिला. आतून मनीप्लांटची माती बाहेर आली. पावणेदोन किलो भाजणी टाकून द्यावी लागली. व्हिडिओत ते चार सेकंद फार सुंदर दिसतात.

मागे एक तेलुगू गाणं लावलं होतं. भाजणीचा आणि त्या गाण्याचा काय संबंध, असं मी विचारलं. संबंध नव्हता; ते त्या आठवड्यात ट्रेंडिंग होतं. जून २०२० च्या अखेरीस आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली आणि आठवडा-दहा दिवसांत इन्स्टाग्रामने रील्स आणले, तेव्हापासून माणसाने काय बोलायचं याच्या आधी मागे काय वाजायचं ते ठरतं. पहिलं रील २१४ वेळा पाहिलं गेलं. त्यातल्या एकतीस वेळा मी होते. एका अनोळखी माणसाने खाली ‘नाइस पिक डिअर’ असं लिहिलं. जाऊबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि तो फोटो नव्हता.

आणखी एकीने ‘प्राइस?’ असं विचारलं. मुलीने उत्तर दिलं, ‘डीएम केलंय डिअर.’

“किंमत काय लाजण्यासारखी गोष्ट आहे?” जाऊबाई म्हणाल्या. “सांग की चारचौघांत.” मुलगी म्हणाली, तसं नसतं, दहा जणींनी किंमत विचारली की दहा कमेंट होतात, आणि कमेंट झाल्या की अल्गोरिदम खूश होतो. हा अल्गोरिदम कोण ते जाऊबाईंना कळलं नाही, पण घरात एखादे आजेसासरे वारले तरी त्यांच्या मर्जीने वागायची पद्धत असते, त्या सुरात त्यांनी ते मान्य केलं. पूर्वी बाईचं वय आणि पुरुषाचा पगार विचारू नये म्हणत. आता त्यात थालीपिठाची भाजणी आली.

निळ्या खुणेचाही विषय निघाला. अमुक खातं अमुक माणसाचंच आहे असं सांगणारी ही खूण पूर्वी नामवंतांना मिळायची. जून २०२३ पासून आपल्याकडे ती मोबाइलवर महिना ६९९ रुपयांत मिळू लागली. जाऊबाईंनी हिशेब केला. अन्नसुरक्षा खात्याकडची त्यांची नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापावा लागतो, आणि तो वाचणारा माणूस अद्याप त्यांना भेटलेला नाही. “पदार्थ खरा आहे त्याचे वर्षाला शंभर, आणि मी खरी आहे त्याचे महिन्याला सातशे?” मी निवृत्त शिक्षिका. दर नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचा दाखला देते. सरकार निदान त्याचे पैसे माझ्याकडून घेत नाही.

इकडे घरात दुसरी साथ सुरू झाली होती. आमचे हे ठाण्याजवळच्या एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी विभागात आहेत. बोल्टचा आटा बघून तो कुठल्या पाळीत कापला गेला हे सांगतील, असा माणूस. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना कंपनीने ह्यांना ‘पर्सनल ब्रँडिंग’च्या शिबिराला पाठवलं. तिथे टॉम पीटर्स नावाच्या अमेरिकन गुरूचा १९९७ सालचा लेख वाटला होता. प्रत्येकाने स्वतःला एक कंपनी समजावं आणि तिचा मुख्य अधिकारी आपणच आहोत असं वागावं, असा त्याचा सारांश. घरी आल्यावर मी या मुख्य अधिकाऱ्याला दुधाची पिशवी आणायला पाठवलं. अधिकारी गेला, पण परत येऊन त्याने लिंक्डइनवर खातं उघडलं.

लिंक्डइनची भाषा मी आयुष्यात शिकवली नाही. तिथे परिच्छेद नसतो. एक वाक्य, मग मोकळी जागा, मग पुन्हा एक वाक्य. प्रत्येक वाक्य एकटं उभं राहून समुद्राकडे बघत असतं. ह्यांची पहिली पोस्ट अशी होती:

‘काल रिक्षाने घरी आलो.

रिक्षावाल्याकडे सुटे वीस रुपये नव्हते.

तो म्हणाला, “राहू द्या साहेब, उद्या द्या.”

मी स्तब्ध झालो.

तीस वर्षांच्या नोकरीत विश्वासाचा इतका मोठा धडा मला कोणी दिला नव्हता.

तुम्हाला काय वाटतं?’

मला काय वाटतं ते ह्यांनी विचारलं नाही, कारण त्या रिक्षात मीही होते. वीस रुपयांवरून दोघांनी एकमेकांच्या खानदानापर्यंत मजल मारली होती आणि शेवटी मी भाजीवाल्याकडून सुटे आणून दिले होते. त्या पोस्टवर चारशे लोकांनी अंगठे उठवले, त्यातला एक जर्मनीतला. त्या रात्री आमटी वाढायला सांगताना ह्यांनी ‘इनसाइट’ हा शब्द वापरला.

मुलीचा समज असा, की हे सगळं तिच्या पिढीने शोधलंय. मी तिला किर्लोस्करांची गोष्ट सांगायला बसले. तिने हेडफोन लावले, तरी सांगितली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, तर शेतकऱ्यांची खात्री की लोखंडाने जमिनीला विष चढेल. पहिली दोन वर्षं नांगर खपता खपेना. त्या कारखान्याने १९२० साली शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनात ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याची खबर देता देता त्यात कथा आल्या, वाद आले, व्यंगचित्रं आली. पुढे १९३० ला ‘स्त्री’ निघालं, १९३४ ला ‘मनोहर’. यंत्रं विकणाऱ्यांनी काढलेल्या कागदांवर मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या पोसल्या. “यालाच तू कंटेंट म्हणतेस,” मी म्हटलं. हेडफोनमधून तेलुगू गाणं ऐकू येत होतं.

पुणेकरांचं तर बोलायलाच नको. जगाने ब्रँड बांधायला गोड शब्द वापरले. पुण्याने पाटी वापरली. ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाक्य जाहिरातीच्या कुठल्याही शाळेत नापास होईल. एक ते चार दुकान बंद. २०१७ साली चितळे बंधूंनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तर त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. दुकान बंद पडल्याची बातमी होते, हे आपल्याला माहीत आहे. उघडं राहिल्याची बातमी व्हायला पुणेच लागतं. पण त्यातली मेख माझ्या मुलीला दिसत नाही. दुपारी झोपणाऱ्या त्या दुकानदारांपैकी कोणी झोपेची ‘ब्रँड पर्सनॅलिटी’ ठरवली नव्हती. त्यांना झोप येत होती. आता त्याच पाट्या चहाच्या मगावर छापून मिळतात, आणि ते मग विकणारं दुकान दुपारभर उघडं असतं.

दिवाळीला तीन आठवडे होते. फडके रोडला आकाशकंदील लागले होते, चकलीच्या भाजणीच्या नव्वद किलोच्या ऑर्डरी होत्या, आणि जाऊबाईंचा उजवा गुडघा सुजला. सकाळपासून चाळीस फोन झाले. एकेचाळिसाव्या फोननंतर त्यांनी चष्मा लावला आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला स्वतःच्या बोटाने लिहिलं:

‘आज चकलीची भाजणी नाही. गुडघा दुखतोय. गुडघा माझा आहे, तुमचा नाही, त्यामुळे तुम्ही घरी करून बघायला हरकत नाही. प्रमाण विचारायला फोन करू नये. पुस्तकात आहे.’

मुलीने त्याचा फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकला. नऊवारी नाही, नथ नाही, गाणं नाही. पांढऱ्यावर काळी पाच वाक्यं. दोन दिवसांत दोन लाखांनी पाहिलं. ‘अशी सासू हवी.’ ‘अशी बॉस हवी.’ ‘माझी आई, जशीच्या तशी.’ एकाने लिहिलं, ‘सो रॉ!’ मुलीने त्याचा अर्थ सांगितल्यावर जाऊबाई उसळल्या, “कच्चं? धने माझ्या हाताने भाजलेत मी!”

मग ऑर्डरी सुरू झाल्या, आणि त्यांचं स्वरूप बदललं. ‘एक किलो थालीपीठ भाजणी, आणि बायकोचा वाढदिवस आहे, तर चिठ्ठीवर तिच्यासाठी खडसावणारी दोन वाक्यं मिळतील का?’ कोथरूडचा एक मुलगा नुसताच फोन करून म्हणाला, “काकू, काहीतरी बोला ना.” जाऊबाईंनी विचारलं, “काय बोलू?” तो म्हणाला, “थँक यू!” आणि ठेवला.

न्यू जर्सीहून एकीने व्हिडिओ कॉल केला. तिला भाजणी नको होती, तिथे मिळते. ती म्हणाली, “मला जरा ओरडा ना. आई गेल्यापासून कोणी ओरडलं नाही.” जाऊबाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. पाऊण तास तिची चौकशी करत राहिल्या. जेवतेस काय, थंडी किती आहे, नवरा भांडी घासतो का. फोन ठेवल्यावर गाऊनच्या बाहीने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, “ओरडताच येईना गं.” मुलगी धावत आली. “रेकॉर्ड केलंस?”

पुढच्या आठवड्यात फ्रिजवर तक्ता लागला. सोमवार: कंटाळा. बुधवार: गुडघा. शुक्रवार: आगाऊ गिऱ्हाईक. रविवार: जुना राग, म्हणजे लग्नातला किंवा माहेरचा.

“आज गुडघा दुखत नाहीये,” एका बुधवारी जाऊबाई म्हणाल्या.

“मग आठव ना कसा दुखत होता ते. सातत्य लागतं काकू.”

एकदा सणाच्या दिवशी त्यांनी सहज ‘सर्वांना शुभेच्छा, आनंदात राहा’ असं लिहिलं. खाली कमेंट आल्या, ‘अकाउंट हॅक झालंय का?’ एका काळजीवाहू अनुयायाने पोलिसांच्या सायबर विभागाचा नंबर दिला. तेव्हापासून मुलीने त्यांना थेट लिहायची बंदी केली. तिने ते जुने सहा-सात मेसेज एका एआयला वाचायला दिले आणि ‘याच शैलीत वीस लिही’ असं सांगितलं. त्याने अर्ध्या मिनिटात लिहिले, बिनचूक व्याकरणात. जाऊबाईंनी चष्मा लावून ते सगळे वाचले, आणि फक्त एवढंच विचारलं, “ही बाई कोण आहे? हिला भाजणी येते का?”

तोवर ठाण्यात एक आणि बदलापुरात दोन तिरसट काकू निघाल्या होत्या. साताऱ्याच्या रस्त्यावर प्रत्येक पेढेवाला मूळ असतो, लोणावळ्यात प्रत्येक चिक्की जुनी असते, त्याच न्यायाने बदलापूरची एक स्वतःला ‘ओरिजिनल खडूस’ म्हणवत होती. मुलगी हवालदिल झाली. तिने डिझाइन करून आणलं, ‘मूळ तिरसट. आमची कोठेही शाखा नाही.’ जाऊबाई म्हणाल्या, “करू दे गं त्यांना. वैतागायला माणसं लागतातच घरोघर.”

मलमाची कंपनी आली तो प्रसंग मात्र थोडा लांबला. गुडघ्याला लावायचं मलम; त्यांनी एका रीलचे पंचवीस हजार देऊ केले. भाजणीचे तेवढे सुटायला किती कढया भाजाव्या लागतात ते मी सांगत नाही. पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं, असं जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून सांगितलंय. कंपनीने ते अगदी बारीक अक्षरांत चालेल का असं विचारलं. जाऊबाईंनी अट घातली, आधी पंधरा दिवस लावून बघीन. रोज रात्री त्यांनी मलम लावलं आणि कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, नोंद केली. सोळाव्या दिवशी कॅमेऱ्यासमोर बसल्या, गाऊनमध्येच, आणि म्हणाल्या, “वास चांगला आहे. थंड वाटतं. गुडघा होता तिथेच आहे.” ते रील कंपनीने लावलं नाही, पैसेही दिले नाहीत. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही; का माझ्याशी, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि मग न्यू जर्सीच्या त्या मुलीने लिहिलं. फार मनापासून लिहिलं होतं. जाऊबाईंनी पाऊण तास कशी विचारपूस केली, शेवटी डोक्यावरून पदर घे असं म्हणाव्यात तशा ‘टोपी घाल’ म्हणाल्या, त्या वरून कडक दिसतात पण आतून किती प्रेमळ आहेत, वगैरे. ती पोस्ट फिरली. खाली लोक चिडले. ‘म्हणजे ते सगळं नाटक होतं?’ ‘प्रेमळ? मग आम्हाला का फसवलं?’ ‘अनफॉलो.’ गिरणीत माझ्या मागे उभी असलेली बाई दुसरीला म्हणाली, “त्या खऱ्या तशा नाहीत म्हणे. स्वभावाने अगदी गोड आहेत. सगळं मुलगी लिहून देते.” गिरणीवाल्याने भुवया उचलल्या, पण या वेळी त्यालाही काय सांगावं ते सुचलं नाही.

मी ते घरी येऊन सांगितलं. बावीस वर्षांत उधारी बुडवणाऱ्यावर चिडल्या नसतील इतक्या जाऊबाई चिडल्या.

“कोण म्हणालं मी गोड आहे?”

“काकू, हेच! थांब, असंच पुन्हा म्हण,” मुलगी ट्रायपॉडचे पाय ओढत म्हणाली.

“तो दिवा बंद कर आधी.”

दिवा बंद झाला. जाऊबाईंनी ओट्यावरच्या परातीतून अर्धा किलो भाजणी मोजून पिशवीत भरली. न्यू जर्सीच्या मुलीचा भाऊ संध्याकाळी येणार होता. तो पुढच्या आठवड्यात तिकडे निघाला होता. मग कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून त्याच्या मागे लिहिलं: ‘तिथे मिळते ती कशी असते मला माहीत आहे. पाणी बेताने घालावे. थालीपीठ तव्यावर मोडल्यास मला कळवू नये. वेळेवर जेवत जा.’

“काकू, एक मिनिट! चिठ्ठीचा फोटो!”

पण पिशवीला पिन मारून झाली होती. त्यांनी ड्रॉवर उघडून शिक्का शोधला. डबीतली शाई वाळून गेली होती, तिच्यावर नळाचे दोन थेंब सोडले, शिक्का घोळवला आणि पिशवीवर ठेवून जोरात दाबला. जरा जास्तच दाबला. ‘घरगती’ उमटलं, आणि त्याच्या भोवती शाई पसरत गेली.